छाती ‘धरणारे’ नाना आणि निगेटिव्ह टीएमटी

नानांना मी अकरा वर्षं ओळखतो. त्यांचा मुलगा सातपूरच्या एमआयडीसीत कामाला आहे, राहायला अशोकनगरला, आणि माझा दवाखाना त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नाना स्वतः निफाड तालुक्यातले. साडेतीन एकर द्राक्षबाग. नाशिकला मुलाकडे आले की दवाखान्यात डोकावायचे, बीपी मोजून घ्यायचे आणि गोळ्या घेऊन परत जायचे. हे प्रकरण त्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तपासण्यांचे आकडे तसेच ठेवले आहेत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाने मला व्हॉट्सॲपवर सतरा पानांची पीडीएफ पाठवली. त्याच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी सवलतीत तपासणीचं पॅकेज ठरवलं होतं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि शेवटी टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. डेंग्यूचे दिवस होते, बाहेर बाकावर बसायला जागा नव्हती. मी साखरेचं पान पाहिलं, कोलेस्टेरॉलचं पाहिलं, आणि टीएमटीच्या पानावर तळाशी ठळक अक्षरांत ‘निगेटिव्ह’ हा शब्द दिसला. ‘हार्ट छान आहे. साखर वाढलीय, नाना आले की पाठव,’ असं लिहून मी मोकळा झालो.

ते उत्तर चुकीचं होतं. त्या पानावर वीस-पंचवीस आकडे होते आणि मी एक शब्द वाचला होता.

नाना प्रत्यक्ष आले ते डिसेंबर संपताना. निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. पारा फारच उतरला की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, म्हणून बागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. नाना त्या आठवड्यात रोज पहाटे चारला बागेत होते. मुलगा बरोबर आला होता, फाईल काखेत. “डॉक्टर, हार्ट क्लिअर आहे, तुम्हीच बघितलंय. यांना गॅसचं काहीतरी चांगलं द्या. जेवण झाल्यावर आणि सकाळी फार त्रास होतो.”

मी विचारलं, “नाना, छातीत दुखतं का?”

“नाही.”

“दम लागतो?”

“वय झालं आता. छप्पन्न म्हणजे काही थोडं नाही.”

इथे मी गॅसची गोळी लिहून दिली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण अकरा वर्षांत या माणसाने स्वतःच्या वयाचा उल्लेख केलेला मला आठवत नव्हता. म्हणून प्रश्न फिरवला. “नवरात्रात गडावर गेला होतात ना? पायऱ्यांनी गेलात की ट्रॉलीने?” सप्तशृंगीच्या गडाला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि नाना दरवर्षी त्या चढून जातात, हे मला ठाऊक होतं.

“यंदा ट्रॉलीने गेलो. गर्दी होती.”

“आणि पहाटे बागेत? मधे थांबावं लागतं?”

नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग उजव्या हाताची मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवली. “चार ओळी चाललो की इथं धरतं. दुखत नाही हो डॉक्टर, धरतं. मग उभा राहतो, तंबाखू मळतो, तोवर सुटतं.”

छातीच्या मध्यभागी दाब, श्रमाने येणारा, थांबल्यावर तीन-चार मिनिटांत जाणारा. अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या छातीच्या त्रासाची, तिन्ही लक्षणं त्यांनी एका वाक्यात सांगितली होती आणि आमच्या पुस्तकात सापडणारा शब्द मात्र नाकारला होता. ‘दुखतं का’ या प्रश्नाला आपल्याकडे पुष्कळ हृदयरुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. दाटतं, आवळतं, जड पडतं, गच्च होतं, घशाशी काहीतरी येऊन बसतं, जबडा धरतो, डावा हात भरून येतो. बायका पुष्कळदा पाठ भरून आल्याचं किंवा नुसतं गळून गेल्याचं सांगतात. हे शब्द ऐकायला कान तयार नसेल तर पुढची कुठलीही मशिन कामाची नाही. जेवणानंतर चालताना आणि थंडीत त्रास लवकर सुरू होणं हेही अंजायनात नेहमीचंच. जेवणानंतर होतो म्हणून तो गॅस ठरत नाही. आणि गडाची ट्रॉली! त्रास टाळण्यासाठी माणूस नकळत आपली हालचाल कमी करत जातो आणि मग म्हणतो, मला काही होत नाही.

पुढचे प्रश्न भराभर विचारले, कारण त्यांच्या उत्तरांवर त्या दिवशीचा निर्णय ठरणार होता. बसल्याजागी कधी धरलं? नाही. रात्री झोपेतून उठवलं? नाही. गेल्या पंधरा दिवसांत आधीपेक्षा कमी चालल्यावर धरायला लागलं? नाही, ऑक्टोबरच्या छाटणीपासून तेवढ्याच चालण्याला तेवढंच. यातल्या एकालाही ‘हो’ आलं असतं तर टीएमटीची चर्चाच संपली असती. अस्थिर अंजायनाच्या रुग्णाला पट्ट्यावर चढवायचं नसतं, सरळ रुग्णालयात पाठवायचं असतं.

बाकीचं चित्रही सोपं नव्हतं. मधुमेह सहा वर्षांचा, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९. बीपी आठ वर्षांपासून, त्यासाठी मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम रोज सकाळी. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२. तंबाखू-चुना वयाच्या विसाव्या वर्षापासून. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी मळ्यातच गेले, ‘अटॅकने’. त्या दिवशी नाडी ६२, बीपी १४६/८८, हृदयाचे आवाज स्वच्छ, कुठे मर्मर (झडपेच्या दोषाने येणारी घरघर) नाही. विश्रांतीचा ईसीजी पूर्ण नॉर्मल. तो नॉर्मल असण्याने मला काहीच धीर आला नाही, कारण स्थिर अंजायना असलेल्या पुष्कळ जणांचा बसल्याजागचा ईसीजी नॉर्मलच निघतो.

मग मी फाईल उघडली आणि दीड महिन्यापूर्वी वाचायला हवं होतं ते पान पहिल्यांदा वाचलं.

त्या पानावर काय होतं

ब्रूस पद्धत. चाललेला वेळ ५ मिनिटं ५० सेकंद. नाडी सुरुवातीला ६४, जास्तीत जास्त ११८. गाठलेला भार सुमारे ७ मेट. थांबण्याचं कारण : पायांचा थकवा. एसटीमध्ये लक्षणीय बदल नाही. आणि निष्कर्षाची ओळ, जी मी अर्धीच वाचली होती : ‘गाठलेल्या भारापुरती निगेटिव्ह’.

‘गाठलेल्या भारापुरती’ या दोन शब्दांत सगळं होतं.

ज्यांना ही चाचणी आतून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत सिॲटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा साधारण साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. स्वस्थ बसलेला माणूस जेवढा प्राणवायू वापरतो तो एक मेट. पहिला टप्पा संपताना शरीर त्याच्या साडेचार-पाच पट काम करत असतं, दुसरा संपताना सात पट, तिसरा संपताना दहा पट. कल्पना अशी की हृदयाची धमनी अरुंद झाली असली तरी बसल्याजागी लागणारं रक्त ती पुरवते. मागणी वाढवत नेली की कुठेतरी पुरवठा अपुरा पडतो, आणि ते ईसीजीवर एसटी भाग खाली जाण्याने दिसतं. आडवा किंवा खाली उतरत जाणारा एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उतार म्हणजे पॉझिटिव्ह.

पण मागणी वाढलीच नाही तर? म्हणून नाडीचं लक्ष्य असतं : २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के. नानांच्या बाबतीत २२० वजा ५६ म्हणजे १६४, आणि त्याचे ८५ टक्के १३९. त्यांनी गाठली होती ११८, म्हणजे ७२ टक्के. एसटी बदलला नाही आणि नाडीही लक्ष्यापर्यंत पोचली नाही, अशा चाचणीला निगेटिव्ह म्हणायचं नसतं. ती अनिर्णायक. परीक्षेत मुलगा तिसऱ्या प्रश्नालाच उठून गेला तर त्याला पास म्हणत नाहीत, नापासही म्हणत नाहीत.

नाडी का पोचली नाही, ते नानांनीच सांगितलं. मी विचारलं, “त्या दिवशी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा.” पहाटे साडेचारला घर सोडलं, उपाशीपोटी, कारण रक्त द्यायचं होतं. सेंटरवर बीपीची गोळी चुकवू नका असं सांगितलेलं, म्हणून ती घेतली. रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी करता करता साडेअकरा वाजले, पोटात चहासुद्धा नाही. पायात चपला होत्या, त्या काढून अनवाणी पट्ट्यावर उभं केलं. “पट्टा अंगावर येतोय असं वाटत होतं. मी दांडी घट्ट धरली. पोरगी म्हणाली, दमलात तर सांगा. पाय भरून आले, म्हटलं पुरे.”

यातली एकेक गोष्ट चाचणी बिघडवणारी आहे. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर. नाडी वाढू न देणं हेच त्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं. दांडी घट्ट धरली की शरीराचा भार हातांवर जातो आणि कागदावर ७ मेट दिसले तरी प्रत्यक्षात काम त्याहून कमी झालेलं असतं. उपाशी, भेदरलेला, अनवाणी माणूस पाय दुखले म्हणून लवकर थांबतो, हृदयाची परीक्षा सुरू होण्याआधीच. गोळीबद्दलची सूचना तर बाकीच्या तपासण्यांसाठी बरोबरच होती. टीएमटीसाठी वेगळा विचार हवा होता, आणि तो करायला त्या सेंटरकडे नानांचा इतिहास नव्हता. तो माझ्याकडे होता. मी एक चिठ्ठी लिहून दिली असती की रुग्ण बीटा ब्लॉकरवर आहे, श्रमाने त्रास होतो का ते विचारलेलं नाही, चाचणी निदानासाठी हवी आहे, तर निदान कुणीतरी थबकलं असतं.

“मग ती टेस्ट खोटी होती का?”

मुलगा अस्वस्थ झाला होता, आणि ते रास्तच होतं. “डॉक्टर, निगेटिव्ह रिपोर्टला तुम्ही आता मानत नाही. मग ती टेस्ट करायचीच कशाला?”

मी लेटरपॅडच्या मागे त्याला गणित मांडून दाखवलं. तेच इथे देतो, कारण ते समजलं की टीएमटीबद्दलचा निम्मा गोंधळ संपतो. जुन्या पण मोठ्या संकलनांनुसार या चाचणीची संवेदनशीलता सुमारे ६८ टक्के आणि विशिष्टता ७७ टक्के धरतात. म्हणजे आजार असलेल्या १०० जणांपैकी ६८ जणांत ती पॉझिटिव्ह येते, आणि आजार नसलेल्या १०० पैकी ७७ जणांत निगेटिव्ह. आता समजा, नानांसारखी लक्षणं आणि नानांसारखा धोका असलेली १०० माणसं आहेत आणि गणितापुरतं धरू की त्यांतल्या ६० जणांना खरोखर आजार आहे. त्या ६० पैकी ४१ पकडले जातील, १९ निसटतील. उरलेल्या ४० पैकी ३१ निगेटिव्ह येतील, ९ उगाच पॉझिटिव्ह. एकूण निगेटिव्ह झाले ५०, आणि त्यांत १९ आजारी. दर पाचांत जवळजवळ दोन.

“आणि हे पूर्ण झालेल्या टेस्टचं,” मी म्हणालो. “नानांची तर अर्ध्यात थांबलेली.”

टीएमटीचा रिपोर्ट हातात येतो तेव्हा डॉक्टरच्या मनात आधीच एक अंदाज असावा लागतो. चाचणी तो अंदाज वर किंवा खाली सरकवते, कोऱ्या पाटीवर काही लिहीत नाही. आधीचा अंदाज बांधण्याचं काम कार्डिऑलॉजिस्टचं कमी आणि आमचं जास्त, कारण गडावर यंदा ट्रॉलीने का गेलात हे विचारायला लागणारी ओळख आमच्याकडे असते. मी नोव्हेंबरमध्ये अंदाज न बांधताच निकाल वाचला, म्हणून फसलो. मुलाला मी हे स्पष्ट सांगितलं : “त्या दिवशी मी पूर्ण पान वाचलं नव्हतं. चूक माझी आहे.” तो काही बोलला नाही. नाना म्हणाले, “आता काय करायचं ते सांगा.”

दवाखान्यातून काय करता आलं

त्याच दिवशी ॲस्पिरिन ७५ आणि ॲटोर्व्हास्टॅटिन ४० सुरू केलं. सॉर्बिट्रेट ५ खिशात ठेवायला दिली, आणि ती कशी घ्यायची ते त्यांच्याकडून म्हणवून घेतलं : धरलं की आधी खाली बसायचं, मग गोळी जिभेखाली, उभ्याने घ्यायची नाही कारण चक्कर येते. एका गोळीने पाच मिनिटांत सुटलं नाही तर १०८ ला फोन, मोटरसायकलवरून नाशिकला निघायचं नाही. लैंगिक शक्तीच्या गोळ्या घेता का, हेही मुलाला बाहेर पाठवून विचारलं. सॉर्बिट्रेटबरोबर त्या घेतल्या तर बीपी धोकादायक उतरतं, आणि हा प्रश्न लाजेखातर टाळला जातो. मेटोप्रोलॉल चालू ठेवलं. पहाटेच्या शेकोट्या मुलाने आणि सालगड्याने पेटवायच्या, नानांनी घरात थांबायचं. तंबाखूबद्दल मी त्या दिवशी एकच वाक्य बोललो. एकाच भेटीत सगळं सांगितलं तर काहीच घरी पोचत नाही.

गंगापूर रोडवरच्या हृदयरोगतज्ज्ञांना मी स्वतः फोन केला आणि चिठ्ठीत पहिल्या टीएमटीचे सगळे आकडे लिहिले. आमच्यात दहा मिनिटं चर्चा झाली, ती सांगण्यासारखी आहे. मी विचारलं, थेट सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्या पाहणं, का नको? ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१० मध्येच अशा रुग्णांच्या निदानासाठी साधी टीएमटी वापरू नका म्हटलं, आणि २०१६ पासून सीटीला पहिलं स्थान दिलं. त्यांचं म्हणणं असं की नानांना आजार आहे याबद्दल दोघांनाही फारशी शंका नाही. मधुमेही, इतक्या वर्षांचा तंबाखू, सीटीत कॅल्शियमचा जाड थर निघाला तर आतलं नीट दिसणार नाही. किती श्रमाला हृदय तक्रार करतं आणि ती किती गंभीर आहे हे कळायला हवं, आणि ते चांगली केलेली टीएमटी स्वस्तात सांगते. मला ते पटलं. त्यांनी सीटी सुचवली असती तरी मी मान्य केलं असतं. दोन्ही वाटा बरोबर होत्या. चुकीची वाट एकच होती : जुन्या निगेटिव्हवर विसंबून राहणं.

आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. पंपिंग ६० टक्के, झडपा ठीक. पट्ट्यावर चढवण्याआधी महाधमनीची झडप फार अरुंद नाही याची खात्री हवीच. इको हाताशी नसेल तर निदान स्टेथोस्कोप लावून मर्मर तरी ऐकावी. चिठ्ठी लिहिण्याआधी हे एक मिनिट मी आता कुणाच्या बाबतीत सोडत नाही. ज्यांच्या मूळ ईसीजीत डावा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या विद्युतवहनाचा अडथळा) आहे, पेसमेकर आहे किंवा जे डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेतात त्यांना साध्या टीएमटीला पाठवून उपयोग नसतो. त्यांचा एसटी वाचता येत नाही, दुसरी तपासणी लागते.

मेटोप्रोलॉल तज्ज्ञांच्या सांगण्यावरून आधी निम्मं केलं आणि चाचणीपूर्वी ४८ तास बंद. ही गोळी अशा रुग्णाने परस्पर बंद करायची नाही हे मुद्दाम लिहितो. एकदम सोडली तर अंजायना उसळू शकतो. ते दोन दिवस नाना मुलाकडे अशोकनगरला राहिले, जिनाही चढले नाहीत. निदान आधीच झालेलं असतं आणि औषधं पुरेशी पडताहेत का एवढंच बघायचं असतं, तेव्हा चाचणी गोळ्या चालू ठेवूनच करतात. म्हणजे गोळी बंद करायची की नाही हे प्रश्न काय आहे त्यावर ठरतं.

दुसरी चाचणी

जानेवारीचा पहिला आठवडा. मी दुपारचा दवाखाना बंद ठेवून गेलो. नानांनी तीन तासांपूर्वी हलकं खाल्लं होतं, पायात मुलाचे बूट. टेक्निशियनने आधी दोन मिनिटं पट्ट्यावर हळू चालवून सवय करून दिली, दांडीवर फक्त बोटं टेकवा म्हणाला. डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) शेजारी, औषधांची ट्रॉली उघडी, तज्ज्ञ स्वतः उभे. या चाचणीत हार्ट ॲटॅक किंवा मृत्यूचा धोका जास्तीत जास्त धरला तरी अडीच हजारांत एक, पण तो एक कुठला असेल हे आधी कळत नाही. म्हणून जिथे डॉक्टर खोलीत नसतो तिथे मी रुग्ण पाठवत नाही.

सुरुवातीची नाडी ८२. पहिला टप्पा निवांत गेला. साडेचार मिनिटांना ईसीजीच्या व्ही५ आणि व्ही६ या पट्ट्यांमध्ये एसटी एक मिलिमीटर खाली आला, नाना गप्प होते. पाच मिनिटांना तज्ज्ञांनी विचारलं, “कसं वाटतंय?” नानांनी मूठ वळून छातीवर ठेवली. “हेच ते. धरलं.” सहा मिनिटांना एसटी दोन मिलिमीटर, आडवा. बीपी १७२ वरून १५०. पट्टा थांबवला, आडवं केलं, जिभेखाली गोळी दिली. छाती तीन मिनिटांत सुटली, एसटी मूळ जागी यायला सात मिनिटं लागली.

पट्ट्यावर चालताना वरचं बीपी वाढायला हवं. भार वाढत असताना ते उतरू लागलं, म्हणजे हृदयाचा मोठा भाग उपाशी पडतो आहे. एसटीच्या दोन मिलिमीटरपेक्षा मला त्या बावीस अंकांची जास्त भीती वाटली.

टीएमटीवरून पुढचा धोका सांगणारा ड्यूक स्कोअर काढायला कागद-पेन पुरतं. चाललेली मिनिटं, त्यातून एसटीचे मिलिमीटर गुणिले पाच वजा, आणि अंजायनाचा गुण गुणिले चार वजा. अंजायना नसेल तर शून्य, असेल पण त्यामुळे थांबावं लागलं नाही तर एक, थांबावं लागलं तर दोन. नानांचे सहा वजा दहा वजा आठ, म्हणजे उणे १२. अधिक ५ किंवा वर कमी धोका, उणे ११ किंवा खाली जास्त धोका. १९९१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बाह्यरुग्णांमध्ये हा स्कोअर तपासला, तेव्हा कमी धोक्याच्या गटातले ९९ टक्के लोक चार वर्षांनी हयात होते, जास्त धोक्याच्या गटातले ७९ टक्के. उपचार त्यानंतर पुष्कळ सुधारले आहेत, तरी दोन्ही गटांमधलं अंतर बोलकं आहे. हाच स्कोअर पहिल्या रिपोर्टवर लावला असता तर जवळजवळ अधिक ६ आला असता. ‘कमी धोका’. माणूस तोच, दोन महिन्यांच्या अंतराने.

अँजिओग्राफी मनगटातून झाली. डावी मुख्य धमनी ठीक होती, पण हृदयाच्या पुढच्या बाजूच्या धमनीत सुरुवातीलाच ९० टक्के अडथळा, उजवीत ८०, तिसरीत ७०. मुलाने बाहेर येऊन विचारलं, “तीन ब्लॉकेज, तीन स्टेंट?” स्थिर रुग्णाला प्रत्येक अडथळ्यासाठी तातडीने स्टेंट घालून आयुष्य वाढत नाही, हे ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ नावाच्या अभ्यासाने २०२० मध्ये चांगलंच दाखवलं आहे, म्हणून टीएमटी पॉझिटिव्ह आली की दुसऱ्या दिवशी स्टेंट, ही घाई मला मान्य नाही. पण नाना मधुमेही, तिन्ही धमन्या अरुंद, आणि थोड्याशा श्रमाला बीपी उतरत होतं. मधुमेहात अनेक धमन्यांच्या आजाराला स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते, हे २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात दिसलं होतं. बायपास झाली. सातव्या दिवशी घरी आले. छाटणीच्या कात्रीला तीन महिने हात लावायचा नाही म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

तंबाखू सुटली, पण ऑपरेशनने नाही. नातीने चुन्याची डबी लपवली आणि नानांनी ती शोधली नाही.

पुढच्या ऑक्टोबरात मुलगा एकटाच आला, कंपनीचा छापील फॉर्म घेऊन. या वर्षी पॅकेज कर्मचाऱ्यांसाठी होतं. वय एकतीस, जिमला जातो, तंबाखू-सिगरेट नाही, छातीला कधी काही नाही. त्याने टीएमटीच्या चौकोनात आधीच खूण केली होती. “आजोबा गेले, नानांचं असं झालं. मी तर करायलाच हवी ना?”

मी पुन्हा लेटरपॅडचा मागचा भाग घेतला. तुझ्यासारखी त्रास नसलेली १०० तरुण मुलं घेऊ. त्यांतल्या पाच जणांना आजार आहे असं धरू, हेही जास्तच धरतोय. पाचांपैकी तीन-चार पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९५ पैकी २२ जणही पॉझिटिव्ह येतील, आजार नसताना. म्हणजे पंचवीस पॉझिटिव्ह, त्यांत खरे तीन. बाकीचे बावीस रात्रभर जागतील, पुढच्या तपासण्यांवर पैसे घालतील, एखाद्याच्या मनगटात विनाकारण सुई जाईल. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २०१८ मध्ये कमी धोक्याच्या, त्रास नसलेल्या माणसांत ही चाचणी करू नये असंच सांगितलं आहे.

“मग माझ्यासाठी काय?”

बीपी मोजलं, १३४/८६. कंबर मोजली, ९६ सेंटिमीटर. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल लिहून दिलं. वडील आणि आजोबा दोघांनाही साठीच्या आत आजार, तेव्हा त्याचं एलडीएल किती आहे हे आताच कळायला हवं. वर्षातून एकदा बीपी माझ्याकडे दाखवायचं. आणि कधी गडाच्या पायऱ्यांवर मधेच थांबावंसं वाटलं, छाती धरली, तर त्याच दिवशी यायचं, पुढच्या पॅकेजची वाट न बघता.

त्याने माझं पेन घेतलं, टीएमटीच्या चौकोनातली खूण खोडली, फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. दारात थांबून म्हणाला, “यंदा नवरात्रात नाना पायऱ्यांनी चढले. मधे दोनदा बसले, पण ते माझ्यासाठी.”